चिकूचं निदान आणि मी लिहिलेली क्विझ

एक गोष्ट आधीच कबूल करते. तुमच्यापैकी काहींनी कदाचित माझी ती क्विझ सोडवलीही असेल. 'तुमचं मूल एका जागी बसत नाही? ही ७ लक्षणं तपासा' असं काहीसं शीर्षक होतं. खाली १० प्रश्न, प्रत्येकाला हो किंवा नाही, आणि शेवटी निकाल. पालकांसाठीच्या एका ॲपला मजकूर हवा होता आणि मी कंटेंट रायटर आहे. इंग्रजी घेऊन बी.ए. केलंय, मानसशास्त्राचा एकही पेपर दिलेला नाही. इंटरनेटवरची तीन पानं वाचून एका दुपारी मी ती क्विझ लिहून दिली आणि विसरूनही गेले.

पुढे तीच क्विझ आमच्या घरात आली, आणि तिने माझ्या भाच्याचं जवळजवळ एक वर्ष अवघड करून ठेवलं. तुमच्या घरात लहान मूल असेल, किंवा कधी कुणासाठी मानसिक तपासणी करून घ्यायची वेळ आली, तर आमच्याकडून काय चुकलं आणि नंतर काय नीट झालं हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून हे लिहितेय.

टी. नगरमधलं आमचं घर

आम्ही मूळचे नाशिकचे. गेल्या वर्षी जूनमध्ये भाऊजींची बदली चेन्नईला झाली. माझं काम घरूनच चालतं, म्हणून ताईच्या मदतीला मीही आले. टी. नगरमध्ये जी. एन. चेट्टी रोडच्या मागच्या गल्लीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. दिवाळीच्या आधी इथून उस्मान रोडपर्यंत जायचं म्हणजे माणसांच्या पुरातून पोहत जायचं. रंगनाथन स्ट्रीटवर तर पाय जमिनीला टेकतो की नाही अशी शंका येते.

चिकू तेव्हा आठ वर्षांचा होता. नाशिकला त्याची दुसरी मराठी शाळेत झाली. इथे थेट इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरी, त्यात तमिळ आणि हिंदी. आजी नाशिकला राहिली, मित्र तिथे राहिले. आम्ही सगळे म्हणत होतो, "मुलं लवकर शिकतात, होईल सवय."

नोव्हेंबरमध्ये वर्गशिक्षिकेने बोलावलं. चिकू फळ्यावरचं उतरवून घेत नाही, वाचायला सांगितलं की पेन्सिल पाडतो, पाणी प्यायला जातो, शेजारच्याशी बोलतो. "एकदा असेसमेंट करून घ्या," त्या म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना ताईने विचारलं, "तू लिहितेस ना असल्या विषयांवर? काय असेल गं?" मी फोन काढला आणि माझीच क्विझ तिच्यापुढे धरली. १० पैकी ८ 'हो' आले. निकाल होता : 'तुमच्या मुलामध्ये एडीएचडीची लक्षणं असू शकतात.'

'असू शकतात' हे दोन शब्द मीच लिहिले होते, सावधगिरी म्हणून. ताईने ते वाचलेच नाहीत. खरं सांगायचं तर मीही नाही.

क्विझ खरी का वाटते?

१९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. मग प्रत्येकाला 'तुझा निकाल' म्हणून एक कागद दिला आणि तो किती अचूक वाटतो याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. नंतर त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली बरीच वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून घेतली होती. आपल्याकडे रविवारचं राशिभविष्य वाचून "अगदी बरोबर लिहिलंय" म्हणणारे प्रत्येक घरात असतात, तसंच हे.

माझे प्रश्नही तसेच होते. 'तुमचं मूल कंटाळवाण्या कामात लक्ष देत नाही का?' आठ वर्षांचं कुठलं मूल देतं? 'सांगितलेलं विसरतं का?' मी स्वतः विसरते.

चांगल्या, शास्त्रीय पद्धतीने बनवलेल्या प्राथमिक चाळणीचंही एक गणित असतं. समजा १०० मुलांमध्ये १० जणांना खरोखर एखादी अडचण आहे. चाळणी इतकी चांगली आहे की त्या १० पैकी ९ जण ती पकडते. उरलेल्या ९० मुलांच्या बाबतीत मात्र दर दहांत एक चूक करते, म्हणजे ९ निरोगी मुलांनाही 'अडचण आहे' असं सांगते. चाळणीत अडकली १८ मुलं, आणि त्यातली निम्मीच खरी. चाळणी फक्त 'नीट तपासा' एवढंच सांगते. निदान हे त्यानंतरचं, वेगळं काम आहे. माझी क्विझ तर चाळणीसुद्धा नव्हती.

४० मिनिटांत ७८

डिसेंबरमध्ये आम्ही चिकूला एका केंद्रात नेलं. फॉर्मवर 'तक्रार' या रकान्यात ताईने लिहिलं, 'एडीएचडीचा संशय.' तिथून पुढे जे जे घडलं, ते सगळं त्या दोन शब्दांच्या चष्म्यातून पाहिलं गेलं. चिकू खुर्चीत हलला, तर 'अस्वस्थ'. खिडकीबाहेर बघितलं, तर 'लक्ष विचलित'. तो शाळेतून थेट आला होता, डबा अर्धा तसाच होता, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

चाचणी इंग्रजीतून झाली. वेळ, ४० मिनिटं. रिपोर्टमध्ये बुद्ध्यंक ७८, पुढे 'बॉर्डरलाइन', त्याखाली 'एडीएचडीची शक्यता', आणि शेवटी एक सल्ला : अपेक्षा कमी ठेवाव्यात.

भाऊजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ताई रात्री स्वयंपाकघरात उभी राहून रडली. आम्हाला वाटत होतं चिकू झोपलाय. दुसऱ्या दिवशी नटेशन पार्कमध्ये झोपाळ्यावर बसून त्याने मला विचारलं, "मावशी, बॉर्डरलाइन म्हणजे काय? मी आत आहे की बाहेर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी मी ताईला म्हटलं, दुसरीकडे दाखवू या.

कागदावरचे चार रकाने

मैलापूरला एक अनुभवी मानसशास्त्रज्ञ आहेत असं भाऊजींच्या ऑफिसमधून कळलं. भेट जानेवारीत मिळाली. पहिल्या दिवशी त्यांनी चिकूची एकही चाचणी घेतली नाही. त्याला "कण्णा" म्हणून जवळ बसवलं, ठोकळ्यांचा डबा दिला आणि आम्हाला विचारलं, "तुम्हाला नक्की काय ठरवायचं आहे? शाळा बदलायची का, औषध द्यायचं का, की वाचायला कसं शिकवायचं?"

असं कुणी विचारेल हे आमच्या डोक्यातही नव्हतं. आम्हाला 'त्याला काय झालंय' एवढंच हवं होतं. त्या म्हणाल्या, "काय ठरवायचं आहे ते कळलं, तरच काय तपासायचं ते कळतं."

मग त्यांनी एक कोरा कागद घेऊन चार रकाने आखले. पहिला, शक्यता. दुसरा, बाजूने काय आहे. तिसरा, विरुद्ध काय आहे. चौथा, अजून काय माहीत नाही. पहिल्या रकान्यात त्यांनी सहा गोष्टी लिहिल्या : कान किंवा डोळे, भाषा बदलल्यामुळे झालेला गोंधळ, घर-आजी-मित्र सुटल्याचा ताण, लक्ष देण्यातली अडचण, एकूण बौद्धिक क्षमता कमी असणं, आणि फक्त वाचन-लेखनातली अडचण.

"एडीएचडी आहे का?" मी विचारलंच.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण आत्ता तो सहापैकी एक आहे. पहिला नाव सांगतो म्हणून पहिला नंबर त्याचा, असं नाही."

त्यांनी सांगितलं, एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, त्यातली काही बाराव्या वर्षाच्या आधीपासून दिसलेली असावी लागतात, आणि ती एकापेक्षा जास्त ठिकाणी, म्हणजे शाळेतही आणि घरीही, दिसावी लागतात. मी लगेच म्हटलं, "घरी तर तो दोन-दोन तास ठोकळे रचत बसतो, म्हणजे नाहीच!" तर त्यांनी मला तिथेही थांबवलं. आवडीच्या कामात एडीएचडी असलेली मुलंही तासन्‌तास रमतात. तेवढ्यावरून 'नाही' म्हणणं ही तेवढीच घाई.

पुढचे तीन आठवडे चौथा रकाना भरण्यात गेले. कानांची तपासणी झाली, डोळ्यांची झाली, दोन्ही ठीक. वर्गशिक्षिका, गणिताच्या बाई आणि खेळाचे सर अशा तिघांकडून वेगवेगळे फॉर्म भरून घेतले. त्यातून कळलं की चिकूची चुळबुळ वाचन-लेखनाच्या तासांना असते. तोंडी गणितात, चित्रकलेत, मैदानावर तो इतर मुलांसारखाच असतो. एडीएचडीच्या ओळीत तिसऱ्या रकान्यात एक नोंद वाढली.

मग त्यांनी जुना रिपोर्ट उघडला. ७८ हा आकडा दोन भागांची सरासरी होती. शब्द आणि भाषेवर आधारलेल्या भागात चिकूला ६० होते, ठोकळे-चित्रं-कोडी या भागात ९६. "एक पाय बर्फात आणि एक गरम पाण्यात असलेल्या माणसाला सरासरीने बरं वाटतंय, असं आपण म्हणतो का?" त्यांनी विचारलं. साधारण ९० ते १०९ या पट्ट्याला मध्यम म्हणतात. म्हणजे हाताने करायच्या कामात चिकू मध्यम होता. आणि भाषेचा भाग तर त्याला सहा महिन्यांपूर्वी फारशी येतही नसलेल्या भाषेतून विचारला होता. शिवाय बुद्ध्यंकाचा कुठलाही आकडा थोडा मागे-पुढे होतोच. तो नेहमी एका पट्ट्यासारखा वाचायचा असतो, वजनकाट्यावरच्या किलोसारखा नाही.

"तमिळ बोलतो का तो?" त्यांनी सहज विचारलं.

मला हसू आलं. वॉचमनच्या मुलांबरोबर खेळून खेळून चिकू असं तमिळ शिकला होता की रंगनाथन स्ट्रीटवर भाव करायला आम्ही त्यालाच पुढे करायचो. "अण्णा, एव्वळवु?" आणि मग "कम्मी पण्णुंगा!" दुकानदार हसून दहा-वीस रुपये सोडायचे. ऐकून सहा महिन्यांत नवी भाषा बोलणाऱ्या मुलाची भाषेची समज ६० कशी असेल? हे आम्ही रोज बघत होतो, पण पुरावा म्हणून त्याच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

जे मला ऐकायचं नव्हतं

आतापर्यंत आमचा सगळ्यांचा एका उत्तराकडे कल झाला होता : प्रश्न फक्त इंग्रजीचा आहे. भाऊजी खूश झाले. "मी म्हणतच होतो. ट्यूशन लावू, संपलं." मॅडमनी विचारलं, "मराठी कसं वाचतो?" ताई लगेच म्हणाली, "मराठी छान वाचतो."

मी गप्प बसले. मला एक गोष्ट आठवत होती. आदल्या वर्षी दिवाळीत नाशिकला चिकू आम्हाला बालभारतीतली कविता वाचून दाखवत होता. खडाखडा, एकही चूक नाही. आणि पुस्तक भलत्याच पानावर उघडलेलं होतं. आम्ही पोट धरून हसलो होतो. "काय पाठांतर आहे!" आजी म्हणाली होती.

मी हे तिथे बोलले नाही. ताईच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा हसू दिसत होतं. घरी आल्यावर रात्री सांगितलं, तर ती भडकलीच. "आधी तुझी क्विझ. आता हे. तुला काहीतरी शोधूनच काढायचंय का त्याच्यात?" दोन दिवस आमच्यात अबोला होता. मग तिसऱ्या दिवशी तिनेच मॅडमना फोन केला आणि पानाची गोष्ट सांगितली.

वाचकहो, इथे मला एक गोष्ट कळली. चुकीचं लेबल लागू नये याची आपण जेवढी काळजी करतो, तेवढी चुकीच्या दिलाशाची करत नाही. 'काही नाही, होईल ठीक' हेसुद्धा निदानच असतं, आणि तेही पुराव्याशिवाय केलेलं असू शकतं.

मॅडमचं उत्तर मी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "इंग्रजी आणि मराठी दोन्हीत अडखळत असेल, तर प्रश्न वाचनाचा. फक्त इंग्रजीत असेल, तर सवयीचा. पण मला मराठी येत नाही. ही तपासणी मी करणं बरोबर नाही. मराठी येणाऱ्या माणसाकडेच जा." मोठी फी घेणाऱ्या, भिंतीवर पदव्या टांगलेल्या एका तज्ज्ञाने 'हे मला येत नाही' म्हणावं, याने माझा विश्वास उलट वाढला.

मे महिन्यात आम्ही नाशिकला जाणारच होतो. तोपर्यंत थांबायचं का? "वाचनाच्या मदतीला निदान लागत नाही," त्या म्हणाल्या. रोज २० मिनिटं अक्षर आणि आवाज यांची जोडी लावण्याचा सराव त्यांनी सुरू करून दिला. त्याने किती फरक पडतो, हीसुद्धा एक माहितीच होती.

मोजपट्टी कुणासाठी बनवली?

मधल्या काळात मी थोडं वाचलं, यावेळी तीन पानांपेक्षा जास्त. बुद्धिमत्तेची पहिली वापरात आलेली चाचणी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी बनवली. शाळेत कुणाला जादा मदत लागेल हे शोधणं, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारा एक आकडा, ही कल्पना बिनेला मान्य नव्हती.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बसवली. त्यांचा त्याबद्दलचा लेख १९३४ चा आहे. 'बिने-कामत' हे नाव आजही रिपोर्टवर दिसतं. पुढे नागपूरला काम करणाऱ्या ए. जे. मालिन यांनी वेक्सलरच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी चाचणी तयार केली, १९६९ च्या सुमारास. म्हणजे परक्या मुलांसाठी बनवलेली मोजपट्टी आपल्या मुलांना तशीच लावायची नाही, हे आपल्या माणसांनी ९० वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आणि चिकूला आम्ही २१व्या शतकात परक्या भाषेतून मोजलं.

वाचनासाठी तर हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची साधनं तयार केली आहेत. शिक्षकांसाठी चाळणी आणि मानसशास्त्रज्ञांसाठी तपासणी, हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. मराठी मूल मराठीतून तपासता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

नाशिकची दुपार

मे महिन्यात नाशिकच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी चिकूची दोन सकाळी तपासणी केली, भरपेट नाश्ता झाल्यावर. मैलापूरच्या मॅडमचा कागद त्यांनी आधी वाचला नाही. "मी माझं बघते, मग ताडून पाहू," म्हणाल्या.

त्यांनी चिकूला ओळखीचे शब्द वाचायला दिले, मग मुद्दाम बनवलेले, अर्थ नसलेले शब्द दिले, 'लमुटा', 'धोपकी' असे. अशा शब्दांना पाठांतर उपयोगी पडत नाही, अक्षरं फोडूनच वाचावी लागतात. तिथे चिकू थांबला. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांची अदलाबदल, काना-वेलांटी सुटलेली, जोडाक्षर आलं की अंदाज. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल, हे तोंडी विचारलं तरी तो गोंधळला. त्याच बाईंनी मराठीतून गोष्ट वाचून दाखवून प्रश्न विचारले, तेव्हा मात्र सगळी उत्तरं बरोबर आली, दोन तर त्यांनाही न सुचलेली. मराठीतून घेतलेल्या बुद्धिमत्ता चाचणीत भाषेचा भागही मध्यम पट्ट्यात आला.

मग दोघींचे कागद शेजारी ठेवले. दोघी वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचल्या होत्या : डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता. चार महिने घरी रोज सराव करूनही फरक थोडाच पडला होता, तेही त्याच बाजूने बोलत होतं. भाषेच्या बदलाने अडचण वाढवली होती, पण ती निर्माण केली नव्हती. नाशिकला असताना पाठांतराने ती झाकली गेली होती.

ताई रडली, पण डिसेंबरसारखी नाही. आजी मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मीच त्याला सगळं वाचून दाखवायचे. मला वाटायचं लाडाने सांगतोय, आजी तू वाच."

'तारे जमीन पर' २००७ मध्ये आला. आमच्या घरी तो सगळ्यांनी पाहिलाय, आईने तर रुमाल ओला केला होता. तरी आमच्या डोळ्यांसमोर असलेलं आम्हाला दिसलं नाही. आणि कमाल म्हणजे मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन ही अनेक वर्षं याच विषयावर काम करणारी संस्था आमच्या टी. नगरमध्येच आहे.

आता पुढे

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. महाराष्ट्राने तर १९९६ मध्येच अशा विद्यार्थ्यांना सवलती द्यायला सुरुवात केली होती. सीबीएसईच्या परीक्षेत प्रमाणपत्र असलेल्या मुलांना तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिकही. केंद्राच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळायचं, आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागायची. म्हणजे कायद्यानेही निदानाला 'एकदाच आणि कायमचं' मानलेलं नाही.

चिकू आठवड्यातून तीन दिवस विशेष शिक्षिकेकडे जातो. जादू झालेली नाही. एक पान वाचायला अजून वेळ लागतो, आणि वाचन त्याला अजूनही आवडत नाही. पण पेन्सिल पाडणं कमी झालंय, असं शाळेतल्या बाई म्हणाल्या. पार्कमधल्या त्या प्रश्नाचं उत्तरही मी त्याला दिलं. म्हटलं, "तू आतच होतास रे. आम्ही चुकीच्या ठिकाणी रेघ मारली होती." तो म्हणाला, "मग सांगायचं ना लवकर."

क्विझबद्दल मी त्या ॲपला लिहिलं. त्यांनी ती काढली नाही, पण माझ्या आग्रहावरून निकालाच्या जागी 'हे निदान नाही. कान-डोळे तपासा, शिक्षकांशी बोला, तज्ज्ञांना भेटा' असं घातलं. आता असा विषय आला की मी आधी त्या क्षेत्रातल्या माणसाला वाचायला देते, नाहीतर काम नाकारते.

तुमच्यावर कधी अशी वेळ आली, तर हे विचारायला लाजू नका :

१. तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का?

२. चाचणी कुठल्या भाषेत होणार? मुलाला ती भाषा किती येते? चाचणी कुठल्या मुलांसाठी आणि कधी बनवली होती?

३. कान, डोळे, झोप, भूक, घरातले बदल हे आधी बघितलं का?

४. शिक्षक, आईवडील, वह्या आणि स्वतः मूल, किती जणांकडून माहिती घेतली?

५. आणखी कोणकोणत्या शक्यता होत्या, आणि त्या कशामुळे बाजूला ठेवल्या?

६. रिपोर्टात उद्यापासून काय करायचं ते लिहिलंय का, आणि पुन्हा कधी तपासायचं ते?

आणि फॉर्मवर 'तक्रार' या रकान्यात रोगाचं नाव लिहू नका. जे दिसतंय ते लिहा. 'वाचायला सांगितलं की पाणी प्यायला उठतो,' एवढं आम्ही डिसेंबरमध्ये लिहिलं असतं, तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती.

मॅडमचा तो चार रकान्यांचा कागद ताईने कपाटात जपून ठेवलाय. चौथ्या रकान्यात अजून एक ओळ भरायची बाकी आहे. तिथे त्यांनी पेन्सिलने लिहून ठेवलंय : 'वय १४, पुन्हा बघू.'